पितळी तांब्याची कात

विट्याच्या रस्त्याला, कुसळाशिवाय काही उगवत नाही अशा माळावर, दर रविवारी एवढ्या गाड्या लागायच्या की नवख्याला वाटावं, इथं बैलबाजार भरलाय. पत्र्याची एक मठी, तिच्यापुढं मांडव, मांडवात दाटीवाटीनं बसलेल्या बाया, त्यांच्या शेजारी ओढणीत तोंड गुंडाळलेल्या पोरी, आणि समोर उंच पाटावर नागेशदास महाराज. अंगात भगवी कफनी, गळ्यात चांदीचा नाग, हातात माइक. माइकशिवाय महाराजांची सिद्धी चालत नसे.

"बोला, नागोबाच्या नावानं…"

"चांगभलं!" मांडव घुमायचा.

"तुमाला दिसतीया कोरडी कातडी. मला काय दिसतंय? मला दिसतीया कात! नागाची कात! सायन्सला दिसती का? सायन्सला फणा न्हाई, सायन्सला दात न्हाई. सायन्स चावतंय व्हय कुनाला?"

या मुद्द्यावर टाळ्या पडायच्या. का पडायच्या, ते टाळ्या वाजवणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं.

मग एखादी पोर स्टुलावर बसायची. महाराज वाडग्यातला पिवळसर शेषलेप तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत थापायचे. दोन्ही बाजूंनी दोन मोठे पंखे भणभणत असायचे. महाराजांना उकडतं म्हणून ते लावलेत, असं त्यांचा चेला हंबीरराव सांगायचा. पंख्यांची तोंडं मात्र कायम स्टुलाकडं असायची. भजन संपेपर्यंत लेप वाळून तोंडावर चकाकायला लागायचा. मग महाराज उठायचे, डोळे फिरवायचे, "कात सोड! लेकराची कात सोड!" म्हणून आरडायचे आणि हनुवटीखाली नख घालून एका दमात वर ओढायचे. त्यांच्या हातात एक पातळ, आरपार पडदा लोंबायचा. त्यावर नाकाचा उंचवटा, ओठांची घडी, गालावरची चिकटून आलेली पांढरी खवलं, सगळं जसंच्या तसं दिसायचं. उन्हात धरलेली ती कात बघून बाया हात जोडायच्या.

हरणाबाईनंही जोडले. ती आटपाडीच्या पलीकडच्या वस्तीवरून पहाटेच्या जीपनं आली होती. शेजारी तिची विशीतली लेक राणी बसली होती.

राणीचं तोंड जन्मापासून कोरडं. थंडी पडली की गाल तडकायचे, खवलं सुटायची, हसली की ओठांच्या कोपऱ्यातून रक्त यायचं. शाळेत पोरं तिला पाल म्हणायची, म्हणून ती हसायचीच कमी. पण पाय असे की वाऱ्याशी पैज लावावी. बारावी झाल्यापासून पोलीस भरतीसाठी ती रोज उजाडायच्या आत मैदानावर असायची. तिला विज्ञान शिकवणाऱ्या विजयमालाबाईंनी कितीदा सांगितलं होतं, "राणी, कातडी कोरडी असते एकेकाची. तो शाप नाही, चांगल्या डॉक्टरला दाखव." राणीला ते पटलेलं होतं. पटत नव्हतं ते हरणाबाईला.

कारण हरणाबाईच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती. राणी पोटात असताना, ऐन नागपंचमीला, ती घरच्या माळावर मेंढरं राखत होती. त्या दिवशी या मुलखात कुणी नांगर धरत नाही, विळीवर भाजी चिरत नाही, चुलीवर तवा ठेवत नाही. पोटुशी बाई तर सुईलाही हात लावत नाही. पण एक कोकरू बोराटीच्या जाळीत अडकून ओरडायला लागलं, शेजारीच वारूळ होतं, आणि कोल्हं कुठं लांब नव्हतं. हरणाबाईनं कमरेचा इळा काढला, जाळी छाटली, कोकरू सोडवलं. पुढं राणी जन्मली, तिच्या अंगावरची खवलं बघून सुईण गप्प झाली, आणि हरणाबाईनं मनातल्या मनात स्वतःला शिक्षा सुनावून टाकली. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती.

राणी स्टुलावर बसायला तयार नव्हती. तेवढ्यात महाराजांनी डोळे मिटले आणि माइक तोंडाजवळ घेतला.

"आई कोन हिची? उभी ऱ्हा! पंचमीला हत्यार धरलंस तू! पोटुशी असताना!"

हरणाबाई उभी राहिली. साऱ्या जगात जे कुणालाच ठाऊक नव्हतं ते या माणसाला कसं कळलं?

आता जरा थांबून विचार करा. बाई नऊ महिने गरोदर असते आणि वर्षातून पंचमी एकदा येते. म्हणजे चार आयांतल्या तिघींच्या गरोदरपणात पंचमी यायचीच. आणि शेतामेंढरांच्या घरात दिवसभर धारेच्या कशालाच हात न लावता कोण राहिलं आहे? कुणी दोरी कापलेली असते, कुणी कांदा चिरलेला असतो, कुणी नुसती नखं काढलेली असतात. महाराज हा एकच बाण प्रत्येक आईवर सोडायचे. ज्या चौथीला तो लागत नसे तिच्यासाठी "तुझ्या सासूनं धरलं आसंल" हे उत्तर तयार असायचं, आणि सासूबद्दल तसं मानायला कुठलीही सून तयारच असते.

पण हरणाबाईला हे कुठून सुचणार? ती महाराजांच्या पाटापुढं पडली आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला लागली. "म्याच क्येलं! म्याच क्येलं महाराज! माज्या लेकीला सोडा, मला काय करायचं ते करा!"

राणीनं आईचा हात धरायचा प्रयत्न केला, तो आवरेना. एवढ्या गर्दीत आईच्या गालावर आईचीच बोटं उमटत होती. मग राणी उठली आणि मुकाट्यानं स्टुलावर जाऊन बसली.

कात निघाली. चांगभलं झालं. हंबीररावानं बिनचिठ्ठीची एक डबी हातात ठेवली. "नागमणी मलम. कपाळापासनं पापण्यांवरनं हनुवटीपतोर, रोज दोन टाइम. डाक्टरची सावली पडू द्यायची न्हाई. आनि मधीच सोडलं तर नाग उलटतो, आदीच सांगून ठेवतो."

आठ दिवसांत राणीचा चेहरा लोण्यासारखा झाला, रंगही उजळला. वस्तीवरच्या बाया बघायला आल्या. तिच्या बापानं, धुळानं, पोरीच्या गालाला बोट लावून बघितलं आणि तो नुसताच हसत राहिला. त्या रात्री हरणाबाई अंथरुणाला पाठ टेकल्याबरोबर झोपली, ती मेंढरं ओरडली तेव्हा उठली.

दिवाळीत डबी संपली आणि चार दिवस मलम मिळालं नाही. राणीचं तोंड विस्तवासारखं लाल झालं, सुजलं, पाण्याचा हात लावला तरी आग व्हायला लागली. हरणाबाई धावत मठीवर गेली. महाराज शांतपणे म्हणाले, "सांगटलं नव्हतं? नाग उलटला." जे भाकीत खरं ठरतं त्याच्यापुढं कोण काय बोलणार? मलम परत सुरू झालं, डब्या लवकर लवकर संपायला लागल्या. गालांवर बारीक लाल शिरांचं जाळं दिसायला लागलं, पुटकुळ्या आल्या, लव दाट झाली. तरी मलम लावलं की आग थांबायची, म्हणून ते लागत राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात राणी मैदानावर पडायला लागली. एकदा उजवीकडून येणाऱ्या पोरीवर आदळली, एकदा सरळ खांबावर. दिव्याभोवती तिला रंगीत कडी दिसायची. विजयमालाबाईंनी तिच्या उजव्या बाजूला हात हलवला, तेव्हा राणीनं मान वळवलीच नाही. बाईंनी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि मायलेकींना, सोबत धुळाला, मिरजेला नेलं.

डोळ्यांची तपासणी झाल्यावर त्यांना कातडीच्या डॉक्टरांकडं बसवलं. त्यांचं नाव संयोगिता. त्यांनी राणीचा चेहरा बघितला, डबी उघडून बघितली आणि खुर्ची हरणाबाईच्या जवळ ओढली.

"मावशी, हे गजकर्णाच्या औषधातलं मलम दिसतंय, डबीत भरलेलं. यात भारी ताकदीचं स्टेरॉइड असतं. ते आग दाबून टाकतं, म्हणून आठ दिवसांत तोंड गुळगुळीत होतं. पण रोज लावलं की कातडी कागदासारखी पातळ होते आणि त्याची सवय लागते. सोडलं की आग दुप्पट. तो काही नाग नाही. आणि पापण्यांवर लावलं की ते डोळ्यात उतरतं, डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस सुकत जाते. ती सुकताना दुखत नाही, म्हणून कळतही नाही."

"उजव्या डोळ्याचं काय म्हनलं त्यांनी?" हरणाबाईनं विचारलं.

"बाजूची नजर गेलीय. डावा डोळा वाचेल, थेंब रोज घालावे लागतील."

"गेल्याली नजर माघारी यील न्हवं?"

"नाही, मावशी."

 मग हरणाबाईनं पहिल्यांदाच, नवऱ्यासमोर, ती इळ्याची गोष्ट सांगितली. बोराटी, कोकरू, वारूळ, सगळं.  ऐकून झाल्यावर डॉक्टर धुळाकडं वळल्या.

"मामा, पायजमा गुडघ्यापर्यंत वर करा जरा."

धुळा गोंधळला, पण त्यानं वर केला. त्याच्या नडग्या तळं आटल्यावरच्या गाळासारख्या भेगाळलेल्या होत्या, कातडीचे चौकोन चौकोन पडले होते.

"हे कधीपासून?"

"लहानपणापास्नं. आमच्या आईचंबी आसंच व्हतं. आमी म्हनायचो, माळावरच्या मान्साचं पाय आसंच आसत्यात."

"हे वाणातून आलंय. तुमच्या आईकडून तुम्हाला, तुमच्याकडून राणीला. तुमच्या पायांवर राहिलं, तिच्या तोंडावरही उमटलं. यात तुमचाही दोष नाही आणि मावशींचा तर नाहीच. मावशींनी एक कोकरू वाचवलं, एवढंच त्या दिवशी घडलं."

हरणाबाई रडली नाही. ती डॉक्टरांकडं बघत म्हणाली, "मग म्या इतकी वरसं कुनाची माफी मागत व्हते?"

 डॉक्टरांनी राणीला मलम हळूहळू कसं बंद करायचं ते सांगितलं, काही महिने फार आग होईल हेही सांगितलं, आणि कोरड्या तोंडाची रोजची निगा समजावली.

बाहेर बाकावर बसल्यावर राणी बोलायला लागली. "आये, ती कात न्हाई, ह्ये मला पयल्या दिशीच कळलं व्हतं. सुताराकडच्या डिंकाचा वास येत व्हता तिला. शाळंत फळकुटं चिकटवताना बोटाला लागला की आशीच साल निघायची. व्हय की न्हाई, बाई?"

विजयमालाबाईंनी मान हलवली.

"मग बोलली का न्हाईस गं? मलम लावत का बसलीस?" हरणाबाईचा आवाज फाटला.

"मलमानं बरं व्हतंय आसं वाटलं मला. आनि…" राणी पायांकडं बघत राहिली. "तू रातची झोपाया लागली व्हतीस."

तेव्हा मात्र हरणाबाई रडली. हॉस्पिटलच्या त्या लांबलचक पडवीत येणारेजाणारे थांबून बघत होते आणि तिला त्याचं भान नव्हतं.

पुढच्या रविवारी मठीपुढं नेहमीसारखी गर्दी होती. हरणाबाई पितळी तांब्या घेऊन पुढच्या रांगेत बसली. महाराजांनी तिला ओळखलं. चांगली गिऱ्हाइकं ते विसरत नसत. "ह्या बगा हरणाबाई! इचारा ह्यांना, नागमणीनं काय क्येलं!"

"सांगते की," हरणाबाई म्हणाली. "आदी ल्येप द्या वाइच. परसाद म्हनून."

महाराज खूश झाले. त्यांनी वाडग्यातला ओंजळभर लेप तिच्या हातावर घातला. हरणाबाईनं तो तांब्याला बाहेरून थापला आणि तांब्या पंख्यापुढं ठेवला. भजन सुरू झालं. स्टुलावरच्या पोरीच्या तोंडावर लेप वाळत होता, इकडं तांब्यावरही वाळत होता. महाराज उठले, डोळे फिरवले, "कात सोड!" म्हणून ओरडले. त्याच वेळी हरणाबाईनं तांब्याच्या काठाखाली नख घातलं आणि ओढलं. तांब्याच्या गळ्याची, पोटाची, कडेच्या नक्षीची अख्खी कात तिच्या हातात आली. ती तिनं उंच धरली.

"महाराज, ह्या तांब्याचीबी कात निघाली! ह्याच्या आईनं कवा पंचमीला इळा धरला व्हता, त्येवडं सांगा!"

मांडवात आधी कुणाला काही कळेना. मग मागून एक बाई खुदकन हसली आणि हसू पसरत गेलं. हंबीरराव हरणाबाईच्या अंगावर धावला, पण विजयमालाबाई मध्ये उभ्या राहिल्या. त्यांनी पिशवीतून पांढऱ्या डिंकाची बाटली काढली. "हा सुताराचा डिंक. यात पाणी आणि हळद घाला, पंख्यापुढं वाळवा. कुणाच्याही तोंडाची कात निघते, दगडाचीही निघते. घ्या, करून बघा." एवढ्यात मठीच्या मागून धुळा आला. कचऱ्याच्या खड्ड्यातून भरून आणलेलं पोतं त्यानं पाटापुढं उपडं केलं. गजकर्णाच्या मलमाच्या पिळून टाकलेल्या नळ्यांचा ढीग पडला.

"ह्येच त्यो नागमणी," धुळा म्हणाला.

महाराज एवढ्यावर हरणारे नव्हते. "नाग उलटणार!" ते माइकवर ओरडले. "सगळ्या पाप्यांवर उलटणार!"

तेव्हा राणी पुढं आली आणि तिनं ओढणी सोडली. मलम कमी केल्यापासून तिचा चेहरा सोललेल्या मांसासारखा झाला होता. हसणं जागच्या जागी थांबलं. ती महाराजांच्या पाटाला उजवी बाजू करून उभी होती.

"महाराज, तुमी बोलताय त्ये ऐकू येतंय, पर दिसत न्हाई मला. ह्या बाजूचं आता काय दिसत न्हाई. वाइच फुडं या, तुमचं त्वांड बगायचंय."

महाराज पुढं आले नाहीत. ते मागच्या दारानं निघाले. बाईंनी आधीच तक्रार दिलेली होती, त्यामुळं दाराबाहेर पोलीस उभे होते. जादूटोण्याविरुद्धचा कायदा आपल्याकडं आहे. तो वापरायला कुणीतरी तक्रार द्यावी लागते इतकंच.

गोष्ट इथं गोड व्हायला हवी होती, पण तशी ती झाली नाही. निम्म्या बाया हरणाबाईला शिव्या देत जीपमध्ये चढल्या. त्यांच्या डब्या संपत आल्या होत्या आणि आता मलम कुठून आणायचं, ही त्यांची काळजी होती. विजयमालाबाई जीपमागून जीप थांबवून सांगत होत्या की ते एकदम तोडू नका, डॉक्टरला दाखवून बंद करा. काहींनी ऐकलं. पुढं राणीची भरती मात्र राहिली. वैद्यकीय तपासणीत असा डोळा चालत नव्हता. तिचे मैदानावरचे बूट हरणाबाईनं उचलून ठेवले नाहीत, ते दारातच पडून राहिले.

त्या रविवारी मांडव रिकामा झाला तेव्हा एक तरणी बाई मागं राहिली होती. तिच्या मांडीवर वर्षाची पोर, पोरीचे गाल खरखरीत, तडकलेले. ती दबकत हरणाबाईजवळ आली.

"मावशी, मग आता लावू काय हिला?"

"आदी डाक्टरला दाव. आनि रोजचं म्हनशील तर साधंच हाय. त्वांड कोंबट पान्यानं धुवायचं, कडक नको. उग्र साबन न्हाई. खसाखसा पुसायचं न्हाई, टिपायचं. आनि ओलं हाय तवाच पांढरी साधी पेट्रोलियम जेली लावायची. सकाळी आनि रातच्याला."

"यवढंच?" बाईच्या तोंडावर निराशा स्पष्ट दिसली.

"यवढंच."

"मग बरं व्हतंय?"

"बरं न्हाई व्हत. जलमाचं हाय त्ये. पर फाटत न्हाई, रगात येत न्हाई, पोरीला हसता येतंय. रोज लावायचं, दात घासतो तसं."

बाईनं पोरीचं तोंड पदरानं टिपलं. मग हळूच म्हणाली, "मावशी, ही पोटात आसताना म्या पंचमीला भाकर भाजली व्हती. तव्यावर."

हरणाबाईनं तिचा हात घट्ट धरला. "मला ठाव हाय, तुला झोप लागत न्हाई. भाकर भाजलीस, पोटाला खाल्लीस. नागोबाला त्याचं काय बी न्हाई. झोप जा निवांत."

वाचकहो, तो महाराज आज तुरुंगात आहे. उद्या दुसऱ्या माळावर दुसरा उभा राहील. त्याच्या हातात डिंक असेल, नाहीतर आणखी काही. त्याचं खरं भांडवल आपल्याच घरात असतं. लेकरात काही उणं दिसलं की आपण आईकडं बोट करतो, आणि कुणी केलं नाही तर ती स्वतःच स्वतःकडं करते. ते बोट खाली घ्या. कातडी कोरडी असेल तर तिला ओल हवी, आजार असेल तर डॉक्टर हवा. पण पोरीला दवाखान्यात नेण्याआधी, तिच्या आईला एकदा शेजारी बसवून सांगा की बाई, यात तुझी काही चूक नाही. राणीच्या घरात हे कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर राणीला आज दोन्ही बाजूंचं दिसलं असतं.